सड्याला पडीक म्हणण्याआधी एकदा मृगात या

प्रति,
सह्याद्रीतले सडे, घाटरस्ते, ओहोळ आणि जंगल यांच्याबाबतच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार असलेले सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

विषय : आंबोली, चौकुळ, गेळे परिसरातल्या बेडकांच्या विणीच्या जागा आणि त्या न बघता घेतले जाणारे निर्णय.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

सातबारावर सड्याची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट उघड्या कातळाची, नोंद बहुतेक ठिकाणी 'पोटखराबा' अशी असते. शेतीच्या हिशेबाने त्यात काही चूक नाही. जांभ्याच्या उघड्या कातळात नांगर जात नाही, माती वीतभरही नसते, आणि असते तीही मोठ्या पावसात वाहून जाते. अडचण पुढे सुरू होते. या एका शब्दाच्या आधारावर मग पार्किंग, लागवड, चिऱ्याची खाण, निसर्गदर्शनाचा मनोरा असे एकेक प्रस्ताव त्या जागेवर येऊन बसतात, आणि प्रत्येक टिपणीत 'जागा मोकळी आहे' हे वाक्य असतंच. टिपणीसाठी स्थळपाहणी होते ती फेब्रुवारी ते मे या काळात. रस्ता कोरडा असतो, धुकं नसतं, मोजणीची साखळी नीट पसरता येते. त्या महिन्यांत सड्यावर खरंच काही दिसत नाही. तापलेला कातळ, करपलेलं गवत, इकडेतिकडे सुटे दगड.

त्याच सड्यावर पहिला जोराचा पाऊस पडला की कातळावरच्या बशीएवढ्या, परातीएवढ्या खळग्यांत पाणी साचतं. पाण्याच्या कडेला तपकिरी अंगाचा, कुशीवर पिवळसर पट्टे असलेला, अंगठ्याएवढा टोड (खरखरीत कातडीचा बेडूक) येऊन बसतो आणि ओरडायला लागतो. हा आंबोली टोड. २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, झँथोफ्रिनी टायगेरिना या नावाने. आंबोली आणि तिच्या आसपासचे थोडे सडे सोडले तर तो जगात कुठेही नाही. त्याचा एकच सख्खा भाऊ, कोयनेचा टोड. त्याचं वर्णन १९६३ सालीच झालं होतं, पण तेव्हा त्याला साध्या टोडांच्या वंशात टाकलं होतं. २००९ मध्ये या दोघांसाठी वंशच नवा करावा लागला. म्हणजे दोन जातींचा अख्खा वंश उत्तर सह्याद्रीत, आणि त्यातली एक जात तुमच्या आमच्या 'मोकळ्या' जागेवर. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली. सातबारावर तिची नोंद अर्थातच नाही.

आमची तक्रार थोडक्यात अशी : जी जागा फक्त पावसाळ्यात जिवंत होते, तिचे कागद तुम्ही उन्हाळ्यात लिहिता.

आम्ही म्हणजे पावसाळ्यातल्या रात्री बॅटरी घेऊन सडे, ओहोळ आणि राया पालथ्या घालणारे, बेडकांची मोजदाद ठेवणारे लोक. काही शिकवणारे, काही शिकणारे, काही याच गावांतले वाटाडे. ज्या जागांच्या नोंदी आम्ही ठेवतो त्या पुढच्या वर्षी जागेवर असाव्यात, एवढाच आमचा स्वार्थ. जागाच गेली की जुन्या वह्यांचा उपयोग मृत्युलेखापुरता.

खळगा म्हणजे काय, हे आधी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. विणीचा खळगा दोन-चार बोटं खोल असतो. मोठं तळं शेजारी असूनही टोड त्यात का जात नाही? तळ्यात मासे असतात, खेकडे असतात, चतुराची पिल्लं असतात, आणि ती अंडी-पिल्लं फस्त करतात. उथळ खळग्यात पहिल्या पावसाला हे कुणीच पोचलेलं नसतं. उघड्या आभाळाखाली पाणी पटकन तापतं, कातळावर शेवाळ धरतं, बेडूकमाशांना खाणं मिळतं आणि त्यांची वाढ भराभर होते. याची किंमत एकच : चार-पाच दिवस पाऊस उघडला आणि ऊन पडलं की खळगा आटतो, आतले जीव मरतात. म्हणून टोड पहिल्या पावसातच घाई करतो. वर्षाचा बहुतेक सगळा विणीचा कारभार पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या दिवसांत उरकतो. एक मादी अंडी घालते ती काही डझन. तुलनेसाठी आपला अंगणातला साधा टोड घ्या. तो जेलीच्या लांब माळांतून हजारोंनी अंडी घालतो. साधे टोड शंभर रस्त्यावर चिरडले तरी पुढच्या वर्षी अंगणात तो असतोच. आंबोली टोडाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. एका खळग्यावरून एका मोटारसायकलचं चाक गेलं तर त्या मादीचं वर्ष संपलं.

आणि उरलेले आठ महिने तो कुठे असतो? सुट्या दगडांखाली, कातळाच्या चिरांत, गवताच्या मुळांशी. सडा 'साफ' करताना जे दगड ट्रॅक्टरमध्ये भरून गडग्याला किंवा रस्त्याच्या भरावाला जातात, ते त्याचं उन्हाळ्यातलं घर असतं.

सड्यावरून खाली उतरलं की जंगल लागतं आणि तिथे वेगळाच संसार. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर, पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. तरीही प्रत्येक जातीला हवा असलेला ओलावा वेगळा असतो. 'जंगल आहे म्हणजे बेडूक आहेत' असं धरून चालणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

पानांच्या थरात आणि झुडपांत राहतात ते बुश फ्रॉग. त्यात आंबोलीच्याच नावाचा स्यूडोफिलॉटस आंबोली (हाही २००९ चाच), आणि रावोर्चेस्टिस वंशातले बॉम्बेएन्सिस व २०१३ साली वर्णिलेला घाटेई. एवढासा जीव आणि रात्रभर टिक-टिक. यांना बेडूकमाशाची अवस्थाच नाही. अंड्यातून थेट शेपटी झडलेला, चार पायांचा, तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक बाहेर येतो. त्यामुळे डबकं लागत नाही, पण अंड्याला कवचही नसतं, तेव्हा भोवतालची हवा आणि पानं आठवडे न् आठवडे ओली राहावी लागतात. पालापाचोळा उचलला, झुडूप छाटलं, वरची सावली मोकळी केली की अंडं सुकतं. झाडं तशीच उभी असतात, त्यामुळे फोटोत जंगल जसंच्या तसं दिसतं.

ओल्या, पाझरणाऱ्या कातळावर इंडिराना. यातली एक जात २०१४ साली आंबोलीतूनच जगापुढे आली. तिचं नाव चिरावासी. पत्ता नावातच दिलेला. या बेडकांची पिल्लं पाण्यात पोहत नाहीत, पाण्याचा पातळ पापुद्रा असलेल्या उभ्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडतात, आणि धक्का लागला तर टुणकन उडी मारतात. घाटरस्ता रुंद करताना कापलेल्या कडेला काँक्रीटचा गिलावा दिला, की हा पाझर आतून बंद होतो. दगड कोरडा पडला की सगळं संपलं. रस्त्याला लागून असल्यामुळे या जागेकडे कुणी 'अधिवास' म्हणून बघतच नाही.

ओहोळांत निक्टिबॅट्राकस, म्हणजे रातबेडूक. त्यांपैकी हुमायुनी या जातीची वीण २०१६ साली सविस्तर प्रसिद्ध झाली आणि बेडकांच्या जगातली एक नवी रीत समजली. नर मादीच्या पाठीवर बसतो, पण तिला घट्ट धरत नाही. आपलं बीज तिच्या पाठीवर सोडतो आणि निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेलं बीज अंड्यांवर पडतं. हे सगळं घडतं पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा दगडावर, कारण अंड्यातून सुटलेलं पिल्लू थेट खाली प्रवाहात पडायला हवं. काठावरचं ते पान 'स्वच्छते'त कापलं, की ओहोळ वाहता राहूनही वीण बंद. मलबारी उडत्या बेडकाचंही तसंच. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून पाण्यावरच्या फांदीवर फेसाचं घरटं बांधते, घरट्याची बाहेरची बाजू कडक होते, आत पिल्लं ओली राहतात आणि पावसाच्या सरींनी फेस विरघळला की टपटप खाली पडतात. खाली पाणी असेल तर. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर लोंबणारी घरटी कुणालाही बघायला मिळतील. बेडकाला जुनं डबकं आठवतं, ब्लॉक नंतर आले.

शेवटी पाय नाचवणारे मायक्रिझॅलस. धबधब्याच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून नर मागचा पाय लांब करून झेंड्यासारखा दाखवतो. यातला उत्तरघाटी नावाचा २०१४ चा. यांची वीण मुख्यतः पाऊस ओसरल्यावर, ओहोळ निवळला की. आणि क्लिनोटार्सस, ज्याचे काळे, बोटाएवढे बेडूकमासे डोहात झुंडीने फिरतात आणि महिनोन् महिने बेडूकमासेच राहतात. त्यांना उन्हाळ्यातही न आटणारा डोह लागतो.

एवढं वाचल्यावर लक्षात येईल की एकाच डोंगरावर एकाची वीण जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्याची भर पावसाळ्यात, तिसऱ्याची दिवाळीच्या सुमारास, आणि चौथ्याला मे महिन्यातला डोह हवा.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी, पाहणीच्या हंगामाची. खाणींच्या पर्यावरण परिणाम अहवालांसाठी जी ठरीव कार्यकक्षा दिली जाते, तिच्यात हवा, पाणी, आवाज, माती यांच्याबरोबर वनस्पती आणि प्राणी यांचीही पायाभूत माहिती 'एक हंगाम, पावसाळा वगळून' गोळा करावी असं म्हटलेलं असतं. हवेतली धूळ मोजायला पावसाळा वगळणं समजू शकतं. पण बेडकांसाठी पावसाळा वगळायचा म्हणजे शाळेची पटपडताळणी मे महिन्यात करायची आणि 'शाळेत विद्यार्थी आढळले नाहीत' असा शेरा मारायचा. अहवालात मग उभयचरांच्या रकान्यात दोन-तीन नावं येतात : साधा टोड, बुल फ्रॉग, विहिरीतला बेडूक. ती नावं कुठल्याही जिल्ह्याच्या अहवालात तशीच्या तशी उचलून ठेवता येतात, आणि ठेवली जातात.

नीट पाहणी कशी असते तेही लिहितो, म्हणजे 'तज्ज्ञ मिळत नाहीत' हे कारण उरणार नाही. एका जागेला किमान तीन फेऱ्या : पहिली मोसमी पावसाच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत, दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, तिसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. प्रत्येक फेरीत सलग किमान तीन रात्री, संध्याकाळी सात ते अकरा. दोन माणसं, ठरावीक लांबीची पट्टी, ठरावीक वेळ. म्हणजे एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करता येते. झुडपातल्या बेडकांसाठी एका ठिकाणी दहा मिनिटं बॅटरी बंद करून फक्त ऐकायचं, कारण ते दिसत नाहीत, ओळखायचे आवाजावरून. पालापाचोळ्यासाठी पाच बाय पाच मीटरचे चौकोन कडेकडून आत तपासत जायचं, पानं परत जागेवर टाकायची. सोबत हवेचं तापमान, आर्द्रता, पाण्याची खोली, वरची सावली. एका रात्री बेडूक दिसला नाही म्हणजे तो नाही असं होत नाही. दिसला नाही हे तीन-तीनदा दिसलं पाहिजे. आवाज टिपणारी छोटी यंत्रं आता मिळतात, झाडाला बांधून आठवडाभर ठेवता येतात. याला फार पैसा लागत नाही. लागतो तो पावसात भिजायची तयारी असलेला माणूस, आणि जूनपर्यंत थांबण्याची तुमची तयारी.

दुसरी तक्रार रस्त्यांची. सावंतवाडी-बेळगाव मार्ग बंद करा असं आम्ही म्हणत नाही. त्यावर दवाखाने, दूध, भाजी, सगळं अवलंबून आहे. पण पहिल्या पावसाच्या रात्री ओल्या डांबरावर बेडूक का येतात, हे रस्ता बांधणाऱ्याने समजून घ्यायला हवं. एक तर रस्ता त्यांच्या दोन जागांच्या मधून जातो, जंगलाकडून सड्याकडे. दुसरं, दिवसभर तापलेलं डांबर रात्री उबदार असतं आणि त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. गाडीचा दिवा पडला की बेडूक पळत नाही, जागच्या जागी थिजतो. चालकाला तो पानासारखा दिसतो. त्यात विणीला निघालेल्या, पोटात अंडी असलेल्या माद्याही असतात. एक मेली की आकडा एक, नुकसान एका पूर्ण घरट्याचं.

सकाळी आठला मोजायला गेलात तर काही सापडणार नाही. पाऊस, टायर, कावळे आणि खेकडे यांनी तोवर रस्ता पुसून काढलेला असतो. मोजणी पहाटे साडेपाचला सुरू करायची, दर शंभर मीटरला वेगळी नोंद ठेवायची आणि तरीही मिळालेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच आहे हे धरून चालायचं. अशी दोन पावसाळ्यांची नोंद झाली की कुठल्या दोन-तीनशे मीटरच्या तुकड्यांवर मरणं एकवटली आहेत ते नकाशावर आपोआप दिसतं. उपाय फक्त तेवढ्याच तुकड्यांवर करायचे आहेत, पूर्ण घाटात नव्हे.

इथे एक सावधगिरी. भुयारी मार्ग म्हणून नुसता सिमेंटचा पाइप पुरून उपयोग होत नाही. कोरड्या, अंधाऱ्या नळीत बेडूक शिरत नाही. तळ ओला हवा, मातीचा हवा, वरून जाळीतून पाऊस आणि हवा आत यायला हवी, आणि तोंडाशी पायरी असता कामा नये. शिवाय दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी, गुळगुळीत, वरच्या टोकाला बाहेर वळलेली भिंत नसेल तर बेडूक भुयाराकडे वळणारच नाही. या भिंतीला एक जरी फट राहिली तर सगळे त्याच फटीतून रस्त्यावर येतात, म्हणजे भिंत नसती तर बरं अशी गत. झाडावर चढणाऱ्या जाती ही भिंतही चढून जातात. त्यांच्यासाठी वेग कमी करणं हाच इलाज.

रस्त्याकडेच्या गटारांचं थोडक्यात सांगतो, कारण इथे खर्च जवळजवळ शून्य आहे. उभ्या, गुळगुळीत भिंतींचं काँक्रीट गटार म्हणजे टोडासाठी विहीर. पडला की बाहेर निघत नाही, पाण्याबरोबर वाहत चेंबरमध्ये जातो. दर दहा-पंधरा मीटरवर गटाराच्या एका बाजूला खडबडीत उतार ठेवला, तळाला चार-सहा ओबडधोबड दगड बसवले, की काम झालं. जुन्या गटारांत चिऱ्याचे तुकडे तिरके टाकूनही भागतं. नव्या गटाराच्या अंदाजपत्रकात हा उतार आधीच लिहा. नंतर फोडून करायला कोणी येत नाही.

सड्यावरच्या वृक्षलागवडीबद्दल बोलायला आम्हाला अवघड जातं. झाड लावणाऱ्याला 'नको' म्हणणारा माणूस आपल्याकडे वेडा ठरतो. तरी म्हणतो : सड्यावर झाडं लावू नका. तिथे जंगल 'तुटलेलं' नाही, तिथे ते कधी नव्हतंच. दीड-दीड फुटाचे खड्डे कातळात खणले, चर मारले, की वरून पातळ थरात वाहणारं पाणी त्यात उतरतं आणि खालचे खळगे रिकामे राहतात. त्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर तिचा न कुजणारा पाला खळगे भरून टाकतो आणि सावलीत पाणी तापत नाही. उद्दिष्टाचा आकडा पूर्ण होतो आणि टोडाची जागा जाते. झाडं लावायची तर ओहोळांच्या उजाड काठांवर लावा, स्थानिक जातींची लावा. तिथे सावलीची खरी गरज आहे.

सड्यावर गाड्या उतरवणं हा याच तक्रारीचा दुसरा भाग. धुक्यात फोटोसाठी चारचाकी कातळावर घालायची, वर तिथल्याच खळग्यातल्या पाण्याने ती धुवायची. साबणाचं पाणी बेडूकमाशांच्या कल्ल्यांवर थेट परिणाम करतं. दोन बोटं पाण्यात ते पातळ व्हायला जागाच नसते.

पाण्याचे तीन मुद्दे, पटकन. एक, झऱ्यांच्या मुखाशीच काळे पाइप टाकून पाणी निवासांकडे वळवलं जातं. खालचा ओहोळ मार्चऐवजी जानेवारीत तुटतो आणि क्लिनोटार्ससचे बेडूकमासे डबक्यात अडकतात. दोन, उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणं. मासे घेऊन माणसं जातात, मेलेले बेडूकमासे, खेकडे तिथेच सडतात. हे बंदच आहे म्हणे, पण पकडलं कुणाला जातं? तीन, 'सुशोभीकरणात' ओहोळाच्या दोन्ही काठांना दगडी-सिमेंटी भिंती. सुशोभित ओहोळात रातबेडकाला अंडी चिकटवायला पानही उरत नाही.

दिव्यांचं असं, की पांढऱ्या प्रखर एलईडीखाली किडे जमतात, किड्यांसाठी बेडूक जमतात आणि खालून गाड्या जातात. पिवळसर, खाली तोंड केलेले, वरून झाकलेले दिवे लावा. रात्री अकरानंतर निम्मे बंद केले तरी कुणाचं काही अडत नाही.

आता आमच्याच घरातली एक तक्रार, कारण ती लपवून इतरांकडे बोट दाखवणं बरोबर नाही. बेडूक बघायला येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यातल्या काहींच्या हातून नुकसान होतं. फोटोसाठी बेडूक उचलून चांगल्या पानावर ठेवणं, दगड उलटे करून तसेच सोडून देणं, एकाच विणीच्या जोडीभोवती सहा-सात फ्लॅश. शिवाय कायट्रिड नावाची कातडीची बुरशी. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. ही बुरशी तेच काम बिघडवते आणि जगभर तिने अनेक जाती संपवल्या आहेत. पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती सापडल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालेलं आहे. ती बुटांच्या ओल्या चिखलातून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाते. उपाय साधा : बूट ब्रशने घासायचे, ब्लीचच्या पातळ द्रावणात पाच मिनिटं ठेवायचे, धुवायचे, पूर्ण वाळवायचे. द्रावण ओहोळात ओतायचं नाही. वाटाड्यांना परवाना देताना ही अट घाला. आमच्यासकट सगळ्यांना.

जमिनीच्या प्रश्नावर एक स्पष्टीकरण. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर जमिनींचा (गावाने पूर्वापार सामायिक कसलेल्या जमिनींचा) प्रश्न किती पिढ्यांचा आहे हे आम्हाला माहीत आहे. लोकांची जमीन लोकांच्या नावावर व्हावी, यात आमचं दुमत नाही आणि बेडकांचं नाव पुढे करून कुणी त्यात खोडा घालू नये. फक्त मोजणी आणि वाटप करताना विणीचे कातळ, झऱ्यांची मुखं आणि ओहोळांचे काठ सामायिक ठेवावेत. गुरांच्या वाटा आणि देवाची राई जशी सामायिक असते तशी. ही कल्पना गावाला नवी नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, महादेवाच्या मंदिराच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्याशा माशासाठी शासनाने २०२१ साली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका माशासाठी कायदा वाकवावा लागला नाही; तरतूद होतीच, ती वापरली गेली.

आमच्या मागण्या :

१. सड्यावरच्या किंवा ओहोळावरच्या कुठल्याही कामाची मंजुरी पावसाळी पाहणीशिवाय देऊ नये. वर सांगितलेल्या तीन फेऱ्यांची नोंद, तारखा, वेळा आणि पाहणी करणाऱ्यांची नावं अहवालात असावीत. अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा.

२. आंबोली टोडाच्या विणीच्या सड्यांचा नकाशा दोन पावसाळ्यांत तयार करून त्यांचा जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांमार्फत पाठवावा. तोवर त्या सड्यांवर वाहनं, लागवड, दगड उचलणं बंद. सड्याच्या तोंडाशी चिऱ्याचे चार ठोकळे ठेवले तरी चारचाकी अडते. त्यासाठी निधीची वाट बघायला नको.

३. मोसमी पाऊस सुरू झाल्यापासून पहिले पंधरा दिवस, संध्याकाळी सात ते पहाटे पाच, सड्यांकडे जाणारे फाटे स्थानिकांखेरीज इतर वाहनांना बंद. मुख्य मार्गाच्या निवडक तुकड्यांवर याच काळात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, आणि ती पाळली जावी म्हणून तेवढ्यापुरते रबरी गतिरोधक.

४. नव्या व दुरुस्तीच्या प्रत्येक गटाराला उतार.

५. झऱ्याच्या मुखापासून ठरावीक अंतरापर्यंत पाइप नको. किती पाणी खाली सोडायचं हे मे महिन्यातल्या प्रवाहावरून ठरवावं, ऑगस्टमधल्या नव्हे.

६. कातळकडेला गिलावा देण्याआधी तिथे पाझर आहे का ते पावसाळ्यात बघावं. असेल तर गिलाव्याऐवजी जाळी लावावी, म्हणजे दरडही थांबते आणि दगडही ओला राहतो.

यातल्या चौथ्या आणि सहाव्या मागणीला कुणाच्या मंजुरीची गरज नाही, फक्त अंदाजपत्रकात एक ओळ लागते.

येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी जो कुणी यायला तयार असेल त्याला सडा दाखवण्याची जबाबदारी आमची. पहिला जोराचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला. गाडी डांबरावरच ठेवावी. बूट धुवून, वाळवून आणावेत. बॅटरी लागेल, छत्री चालणार नाही, वारा उलटी करतो, रेनकोट आणावा. सड्यावर पाय टाकण्याआधी खाली बघायचं, एवढा एकच नियम.

आपले,
सह्याद्रीतल्या बेडकांच्या नोंदी ठेवणारे काही अभ्यासक, वाटाडे आणि गावकरी